काकूंनी उसनी घेतलेली दुखणी

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंएवढी भित्री बाई तेव्हा अख्ख्या भिलाईत दुसरी नव्हती, आणि पुढेही कोणी झाली असेल असं मला वाटत नाही. माणसं सापाला भितात, भुताला भितात, फार तर सासूला भितात. काकू कुकरला भ्यायच्या. कुकर गॅसवर चढवला की त्या जिन्यात येऊन उभ्या राहायच्या, आणि शिट्ट्या झाल्या की कपाळ पुसत पुन्हा आत जायच्या. पोलादाच्या कारखान्यात भट्टीतला तापलेला मळ ओतला की आमच्याकडचं आभाळ शेंदरी व्हायचं. सेक्टरातली तान्ही पोरंसुद्धा त्या उजेडाला सरावली होती, पण काकू इतकी वर्षं तिथं राहूनही दर वेळी जिन्यातून मला हाक मारून विचारायच्या, "आज जास्तच लाल नाही दिसून राहिलं का वं?" काकांच्या स्कूटरवर मागे बसल्या की डोळे जे मिटायच्या ते उतरेपर्यंत उघडायच्या नाहीत. एकदा बाजारात काका स्कूटर उभी करून भाजी घेऊन परत आले तरी या तशाच डोळे मिटून सीटवर बसलेल्या होत्या. काकांनी हलवून उठवलं तेव्हा म्हणाल्या, "आलं का घर?"

पण या सगळ्या भीती वरवरच्या होत्या. काकूंची खरी भीती बायकांच्या दुखण्यांची होती. दुसऱ्या बायका भेटल्या की जेवण झालं का विचारतात. काकू नळावर माझ्या शेजारी कळशी टेकवून, आवाज पार खाली नेऊन विचारायच्या, "अंगावरून जास्त तं नाही जात न?" मी नवी नवरी, वर्ध्याहून आलेली. माझ्या आईनेही मला असं कधी विचारलं नव्हतं. मी लाजेने अर्धी कळशी भरूनच घरात पळायची. मग कळलं की हा प्रश्न त्या सगळ्यांनाच विचारतात. दूध घालायला येणाऱ्या बाईला विचारतात, शाळेतल्या मास्तरीणबाईंनाही विचारतात, आणि उत्तर मिळाल्याशिवाय रस्ता सोडत नाहीत.

या भीतीला कारण होतं. काकू गोंदियाकडच्या एका शेतकरी घरातल्या. त्यांची धाकटी बहीण लग्नानंतर दोन-तीन वर्षांतच गेली. तिला काय झालं होतं ते शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही, कारण तिला कोणी विचारलंच नाही. तिचा नवरा तालुक्याला जायचा, डॉक्टरला सांगायचा की बायकोला अशक्तपणा आहे, आणि टॉनिकची बाटली घेऊन यायचा. बाई घरी, डॉक्टर तालुक्याला, आणि मधे हा भला माणूस बाटल्या वाहतोय. वाईट नव्हता हो तो. त्याला जेवढं माहीत होतं तेवढं तो सांगत होता. काकू हे सांगताना रडायच्या नाहीत. "बाटल्या सगळ्या रिकाम्या सापडल्या वं," त्या म्हणायच्या. "थे बिचारी पिऊन राहिली होती सगळं."

आता भिलाई म्हणजे काही खेडं नव्हतं. कारखान्याचा दवाखाना होता, औषधं होती, सगळं होतं. पण तिथं दाखवायचं मेडिकलचं पुस्तक नवऱ्याच्या नावाचं, ते असायचं त्याच्या शर्टाच्या खिशात, आणि रांगेत हमखास त्याच्याच खात्यातली माणसं उभी. तिथं कोणती बाई तोंड उघडणार? मग आमच्याकडेही तीच रीत पडलेली. नवरा शिफ्ट सुटल्यावर परस्पर दवाखान्यात जायचा, बायकोचं दुखणं स्वतःच्या शब्दांत सांगायचा आणि गोळ्या घेऊन घरी यायचा. त्याच्या शब्दांत दोनच दुखणी होती, एक गॅस आणि दुसरं कमजोरी. माझ्या नवऱ्यानेही लग्नानंतर सहा-सात महिन्यांनी माझी कमजोरी अशीच सांगून लाल रंगाचं औषध आणलं होतं, आणि मी ते निमूटपणे पीत होते. पाळीत माझे काय हाल होत होते ते त्याला सांगायची माझी हिंमत नव्हती, आणि विचारायची त्याची.

एका दुपारी जिन्यात मला अंधारी आली आणि मी पायरीवरच बसले. काकूंनी वरून पाहिलं. बाकी कोणी पाणी आणलं असतं. काकू धावत खाली आल्या, माझ्या डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली आणि स्वतःच पांढऱ्याफटक पडल्या. "पांढरी झाली वं तू, पार पांढरी. कावून नाही सांगितलं?" मी म्हटलं, मी डॉक्टरसमोर बोलणार नाही, मेले तरी बोलणार नाही. तेव्हा त्या म्हणाल्या, "तू नको बोलू. तू नुसती बस. मी सांगतो माझं म्हणून."

जुनवानीच्या रस्त्याला एका म्हाताऱ्या डॉक्टरांचा खाजगी दवाखाना होता. तिथं कारखान्याचं कोणी सहसा नसायचं. काकूंनी स्टुलावर बसून माझं सगळं दुखणं स्वतःचं म्हणून सांगायला सुरुवात केली. मी शेजारी सोबतीण. डॉक्टरांसमोर काकू हिंदी बोलायच्या, पण ती हिंदीही गोंदियातच राहिलेली. "डॉक्टर साब, हमको बहुत जाता, आठ-आठ दिन जाता. आँख के सामने अंधारी आती." इतपर्यंत ठीक होतं. पण काकू एकदा एखाद्या दुखण्यात शिरल्या की पार आतपर्यंत शिरायच्या. भरात म्हणाल्या, "और शादी को तो अभी साल भी नहीं हुआ जी." डॉक्टरांनी चष्म्यावरून या पंचेचाळिशीच्या बाईकडे पाहिलं. काकू घाबरल्या आणि घाईने म्हणाल्या, "मतलब, पहले साल से ही है." डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या आणि वर लोहाचं इंजेक्शन देतो म्हणाले. झालं! सुईला तर काकू कुकरहून जास्त भ्यायच्या. मला वाटलं, आता ही बाई खरं सांगून टाकणार. पण त्या उठल्या, पडद्यामागे गेल्या, आणि माझं इंजेक्शन स्वतःला टोचून घेऊन लंगडत बाहेर आल्या. रिक्षात बसल्यावर मला म्हणाल्या, "गोळ्या तं तू खा. सुई वाया गेली, पण शंका नाही आली त्याले."

त्या गोळ्यांनी मी सावरले, आणि मग काकूंचा हा उद्योगच होऊन बसला. गल्लीतली जी बाई लाजायची तिला घेऊन काकू निघायच्या. एका आठवड्यात त्यांना कोरड्या उलट्या व्हायच्या आणि आंबट खावंसं वाटायचं, पुढच्या आठवड्यात त्यांची पाळी जायची वेळ येऊन अंगातून वाफा निघायच्या. कधी त्यांचं दूध आटायचं. प्रत्येक वेळी त्या खऱ्याखुऱ्या घाबरलेल्या असायच्या, म्हणून ते नाटक वाटायचंच नाही. त्या डॉक्टरांसमोर हात जोडून विचारायच्या, "मरती तो नहीं न मैं?" आणि शेजारची खरी दुखणाईत हे उत्तर कान टवकारून ऐकायची. डॉक्टर काही बोळ्याने दूध पिणारे नव्हते. एकदा त्यांनी हसून विचारलंच, "आपको कौन सी बीमारी नहीं है, माताजी?" पण माणूस समंजस. हळूहळू त्यांनी काकूंच्या तोंडाकडे पाहायचं सोडून दिलं आणि शेजारी बसलेल्या बाईचे डोळे, नखं, पायांची सूज बघायला लागले. त्यांना सगळं समजलेलं होतं आणि त्यांना समजलंय हे काकूंना समजलेलं नव्हतं. अशा व्यवस्थेत काही वर्षं छान गेली.

मग ती मे महिन्यातली सकाळ आली. काका पहिल्या शिफ्टला गेलेले. मी वाळवणं घालायला गच्चीवर निघाले तेव्हा काकूंचं दार उघडं होतं आणि त्या भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या. आत कुकर शिट्टीमागून शिट्टी देत होता आणि त्या जागच्या हलत नव्हत्या. मी आधी गॅस बंद केला. खरं सांगते, मी घाबरले ती त्या कुकरमुळेच. कुकरला न घाबरणाऱ्या काकू मी कधी पाहिल्या नव्हत्या. त्यांचा पदर घामाने ओला होता. म्हणाल्या, "जबडा दुखून राहिला वं. अन् पाठीत, दोन्ही फऱ्यांच्या मधात. मळमळ होते." मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "मले वाटते, मी चालली." यापूर्वी त्या शंभरदा असं म्हणाल्या असतील, पण कधीच इतक्या शांतपणे नाही.

रिक्षा करून मी त्यांना जुनवानीच्या डॉक्टरांकडेच नेलं. दुसरं काही सुचलंच नाही. काकू स्टुलावर बसल्या, मी नेहमीच्या बाकावर. त्यांनी जेमतेम चार शब्दांत सांगितलं. डॉक्टरांनी मान डोलावली, आणि प्रेमाने हसून सरळ माझ्याकडे वळले. "बेटी, कब से हो रहा है?" मला समजेना. मी म्हटलं, मला नाही, यांना. ते आणखीच समजूतदारपणे हसले. "शरमाओ मत. यहाँ सब ऐसे ही बोलते हैं." आणि त्यांनी नळी माझ्या पाठीला लावली. काकू स्टुलावर वाकून बसलेल्या, त्यांच्या कपाळावरून घाम ओघळतोय, आणि डॉक्टर मला म्हणताहेत, लंबी साँस लो. मी किती सांगितलं! जितकं जोरात सांगावं तितकी त्यांची खात्री पटत गेली की मीच लाजते आहे. इतकी वर्षं काकूंनी त्यांना जे शिकवलं ते त्यांनी नीट शिकून घेतलं होतं. शेवटी म्हणाले, गॅस आहे, उन्हाळ्यात जड खाणं कमी करा, आणि पुडी माझ्या हातात दिली.

मी ती पुडी तिथंच टाकली आणि काकूंना उठवलं. कारखान्याच्या दवाखान्यात न्यावं तर पुस्तक काकांच्या खिशात, काका भट्टीवर, आणि पुस्तकाशिवाय घेतील की नाही कोण जाणे. मग दुर्गच्या रस्त्यावरच्या एका खाजगी इस्पितळाकडे रिक्षा वळवली. त्या वाटेवर मी जितकी भ्याले तितकी जन्मात भ्याले नाही. काकूंचं डोकं माझ्या खांद्यावर, आणि त्यांना आता कशाचीच भीती वाटत नव्हती. ट्रक अंगावरून गेल्यासारखे जात होते आणि त्यांचे डोळे उघडे होते.

तिथं एक तरुण डॉक्टर होता. त्याने विचारलं, क्या तकलीफ है. काकू म्हणाल्या, जबडा दुखतो, पाठ दुखते, कसंतरीच होतंय. त्याने नाडी धरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "घर में कुछ झगड़ा-वगड़ा हुआ क्या? घबराई हुई लगती हैं." मला दिसलं की हाही आता लिहिणार, गॅस. आणि लिहिलं की संपलं. माझ्या नवऱ्याच्या खात्यातल्या एका चार्जमनला थोड्याच दिवसांपूर्वी कामावर हृदयाचा झटका आला होता. छाती धरून मटकन बसला तर दहा जण धावले, गाडी आली, साहेब आले. माझ्या नवऱ्याने जेवताना ते इतक्या वेळा सांगितलं होतं की मला पाठ झालं होतं. जी बाई स्वतःची पाळी कोणाला सांगू शकली नव्हती ती मी, त्या डॉक्टरच्या टेबलावर हात आपटून ओरडले, "छाती में दर्द है इनको! छाती पे पत्थर रखा ऐसा लगता है, बायाँ हाथ सुन्न हो गया!"

"छातीत नाही वं," काकू पुटपुटल्या, "जबड्यात..."

मी त्यांच्या दंडाला असा चिमटा काढला की त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि त्यांना कळलं. कितीही झालं तरी त्या या कामात मुरलेल्या होत्या. त्यांनी उजवा हात उचलून छातीवर ठेवला, डावा लुळा सोडला आणि अशा कण्हल्या की तो तरुण डॉक्टर खुर्ची सारून उठलाच. आतून खाट आली, कार्डिओग्रामचं यंत्र आलं, नर्स आल्या. यंत्रातून निघालेली पट्टी हातात घेतल्यावर तो माझ्याकडे न बघता मोठ्या डॉक्टरांना बोलवायला पळाला.

झटकाच होता. संध्याकाळी काका कारखान्याच्या कपड्यांतच आले आणि काकूंच्या पायथ्याशी उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसेनात. मोठे डॉक्टर चांगले होते. त्यांनी काकूंना पुन्हा सगळं विचारलं, आणि छातीत दुखलंच नव्हतं हे ऐकून ती पट्टी पुन्हा एकदा पाहिली. मग म्हणाले, "किताब में जो लिखा है, वो आदमी का दर्द देखकर लिखा है. औरत का कैसे होता है, हमको किसी ने पढ़ाया नहीं."

चार दिवसांनी काकूंना जरा बोलायची परवानगी मिळाली. मी संत्री सोलत होते. त्यांनी विचारलं, "तू थे छातीचं कोणाचं सांगितलं होतं वं?"

"आमच्या यांच्या खात्यातल्या चार्जमनचं."

"म्हणजे बाप्या माणसाचं."

"हो."

काकूंनी माझ्या हातातली फोड घेतली. "बरं केलं," त्या म्हणाल्या. "बाईचं सांगितलं असतं तं मेली असती मी."

त्यानंतर काकू पुष्कळ वर्षं जगल्या, पण जिना चढवत नाही म्हणून काकांनी क्वार्टर बदलून खालच्या मजल्यावरचं घेतलं आणि पुढे निवृत्त होऊन दोघं गावी गेली. तिथंच त्या गेल्या. आता मी त्यांच्या तेव्हाच्या वयापेक्षा मोठी आहे. पाठीत, फऱ्यांच्या मधे, कधी कधी कळ येते. तेव्हा मी फार घाबरते, आणि लपवत नाही. दवाखान्यात जाते, आता जीभही अडखळत नाही, सगळं माझं मीच सांगते. डॉक्टर लिहीत असतात, गॅस. ते लिहीत असताना मी शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहते. वाटतं, काकू तिथं बसलेल्या असत्या, माझ्यापेक्षा जास्त घाबरलेल्या, तर या डॉक्टरांना खरं वाटलं असतं.