सराफाच्या मशीनमधलं धान

पीएचडी होऊन दोन वर्षं झाली तरी मी गोंदियाजवळ कामठ्याला घरीच होतो. गावातले मला डॉक्टर म्हणत आणि गुडघे दाखवत. अशात पोस्टडॉकच्या एका जागेसाठी ऑनलाइन मुलाखतीचं बोलावणं आलं. विषय माझाच, अल्ट्रासाउंडच्या लहरींनी रासायनिक प्रक्रिया झटपट घडवण्याचा. वयाच्या अटीमुळे ही शेवटची संधी होती. शिवाय अट अशी की, स्वतःची एखादी कल्पना प्रयोग करून दाखवा.

कल्पना तयार होती. उकड्या तांदळासाठी धान तासन्‌तास भिजवावं लागतं. लहरी सोडल्या तर ते अर्ध्या तासात भिजेल, असा माझा दावा होता. मशीन तेवढं नव्हतं. गोंदियात एका सराफाकडे याच लहरींनी दागिने धुण्याचं होतं, त्याला गाठलं.

"डॉक्टर साहब, इसमें धान?" सराफानं दोनदा विचारलं. मंगळसूत्र धुवायला आलेल्या बाईंनी ते मुठीत घट्ट धरलं. मी चहाच्या गाळणीत धान घालून पाण्यात सोडलं आणि अर्ध्या तासानं सोन्याच्या काट्यावर तोललं. वजन झकास वाढलं होतं!

तुलनेसाठी तेवढंच धान घरी आईकडे दिलं होतं. साध्या पाण्यात घालायचं, अर्ध्या तासानं काढायचं, एवढंच काम. मुलाखत चारला होती. तीनला घरी पोचलो तर आईचं धान माझ्या धानापेक्षा टम्म फुगलेलं.

"अर्ध्या तासात कुठी धान भिजते?" आई म्हणाली. "गरम पाणी टाकलं अन् तू येतवरी ठेवलं. कच्चं राह्यलं असतं तं सायबायनं तुले नावं नसती ठेवली?"

मी भडकलो. "तुले कोनं सांगतलं होतं अक्कल चालवाले?" आई आत गेली. मला लगेच वाईट वाटलं, पण चार वाजत आले होते.

मुलाखतीत समितीतल्या एका मॅडमनी नेमकं विचारलं, "साध्या पाण्यातलं धान किती फुगलं?" एखादा आकडा ठोकून द्यावा असं मनात आलं. कोणाला कळणार होतं? तेवढ्यात दाराआडून आवाज आला, "त्याची चुकी नाई जी. मीच गरम पाणी टाकलं."

मी मान खाली घातली. मॅडम मात्र खुर्चीत पुढे सरकल्या. "मावशी, धान भिजलं हे तुम्ही कसं ओळखता?"

"दाताखाली धराचं. कट्ट वाजलं तं कच्चं."

"मग तुम्ही मशीनमधलं चावून बघा," मॅडम मला म्हणाल्या. मी चावलं. इतक्या महिन्यांत धड न चाललेल्या माझ्या माइकनं तो कट्ट आवाज खणखणीत पोचवला. समितीतले सगळे हसले.

"कच्चं आहे," मी म्हणालो. "मी नुसतं वजन बघितलं. पाणी आतवर पोचलं का, ते तपासलंच नाही. तुलनाही चुकली. हा प्रयोग धरू नका." सगळं बोलून टाकलं आणि जागा गेली असं समजून लॅपटॉप मिटला.

आठवड्यानं निवडीचं पत्र आलं. आईची माफी मागायला तेच कारण झालं. तिनं हातानंच राहू दे म्हटलं, पत्र पुन्हा वाचायला लावलं आणि विचारलं, "किती वर्सासाठी?"

"दोन."

"अन् मंग?"

समितीत पाच जण होते. एवढा अवघड प्रश्न एकानंही विचारला नव्हता.