जळगावच्या नेटवरचा आरोप

"महाजन सर, फाइल करप्ट आलीय. तुमच्या जळगावच्या नेटने खाल्ली."

शनिवारी सकाळी सव्वाअकराला निखिलने पुण्याहून हे सांगितलं. जळगावात, पिंप्राळ्यातल्या माझ्या घरात कूलर घरघरत होता. मी आधी कूलर बंद केला. भांडण नीट ऐकू यायला पाहिजे.

"साहेब, परत बोला," मी म्हणालो. राग आला की मी माणसाला साहेब म्हणतो. निखिल माझा मॅनेजर, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. माणूस वाईट नाही. पण सर्व्हर बंद पडला, मीटिंग लांबली, कोणाचा आवाज तुटला, की त्याचं एकच निदान ठरलेलं: जळगावचं नेट.

माझं काम मेनफ्रेमवरच्या डेटाबेसचं. मेनफ्रेम म्हणजे बँका आणि विमा कंपन्या वापरतात तो अवाढव्य कॉम्प्युटर. आमच्या क्लायंटचा मेनफ्रेम परदेशात आहे. मी घरातून काळ्या स्क्रीनवरच्या हिरव्या अक्षरांत त्याच्याशी बोलतो. त्या दिवशी त्यावर एक नवं टूल बसवायचं होतं. डेटाबेसमध्ये कुठलं काम अडलंय, कोणामुळे अडलंय, हे ते दाखवतं. क्लायंटने विंडो दिली होती दहा ते दोन. विंडो म्हणजे सिस्टिमला हात लावायची परवानगी असलेला वेळ. दोन वाजता हात बाहेर, काम झालेलं असो वा नसो.

एवढंच असतं तर मी इतका तापलो नसतो. कंपनीने नुकतंच फर्मान काढलं होतं: बाहेरगावी बसून काम करणाऱ्यांनी पुण्याच्या ऑफिसात हजर व्हावं. आमच्या टीममध्ये असे दोघेच. मी जळगावात आणि रूपालीताई धुळ्यात, देवपूरला. तिची मुलं तिथल्या शाळेत, नवरा एसटीत ड्रायव्हर. माझी बायको इथे शाळेत शिकवते. आमच्यासाठी पुणे म्हणजे राजीनामाच. तेव्हा निखिलशी मी सौदा केला होता. हे इन्स्टॉलेशन आम्ही दोघं खानदेशातून करून दाखवू. दोनच्या आत झालं तर आम्ही जागेवर राहू, नाही झालं तर पुढचं बोलणं नाही. अट मीच घातली होती, आणि रूपालीताईला न विचारता घातली होती.

क्लायंटचा मेनफ्रेम इंटरनेटला जोडलेला नाही. टूलच्या फाइली म्हणूनच फिरत फिरत जातात. टूल बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून माझ्या लॅपटॉपवर, तिथून ऑफिसच्या शेअर्ड फोल्डरमध्ये, तिथून मेनफ्रेमवर. शेवटचा टप्पा निखिलने स्वतःकडे घेतला होता. कारण तुम्हाला कळलंच असेल.

मेनफ्रेमवर फाइल पोचली की RECEIVE नावाची कमांड द्यायची. ती गठ्ठा सोडून आतला माल मांडते. निखिलने कमांड दिली आणि उत्तर आलं, ही फाइल ओळखीच्या स्वरूपात नाही.

"साहेब, पुरावा काय?"

"सर, पुरावा कशाला? फाइल उघडत नाही, अजून काय पाहिजे?"

"मला तोल पाहिजे."

कॉलेजात असताना मी धरणगावच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये काट्यावर चिठ्ठ्या फाडायचो. हुशार शेतकरी कापूस घरी एकदा तोलायचा, आमच्या काट्यावर दुसऱ्यांदा. दोन आकडे जुळले नाहीत की भांडायचं कुठे ते त्याला कळायचं. फाइलींचाही तोल असतो, त्याला चेकसम म्हणतात. अख्ख्या फाइलीतून हिशोब करून काढलेली अक्षरं आणि आकड्यांची एक लांब ओळ. फाइलीतला एक ठिपका बदलला तर ओळ पार बदलते. टूलवाल्या कंपनीने ती ओळ साइटवर दिलेली असते.

मी माझ्या लॅपटॉपवरच्या फाइलींचा चेकसम काढला. साइटवरच्या ओळीशी तंतोतंत जुळला.

"तुमच्याकडे नीट आली असेल," निखिल म्हणाला, "पण तुमच्याकडून फोल्डरमध्ये जाताना बिघडली असेल."

"ताई," मी कॉलवरच रूपालीताईला म्हणालो, "तू त्याच फोल्डरमधून फाइली धुळ्यात उतरव आणि तोल सांग."

फाइली उतरायला दहा मिनिटं लागली. मग ताईने धुळ्याहून ती ओळ एकेक अक्षर वाचून दाखवली. तीच.

मी खुर्चीतून उठलो. "ऐकलं का साहेब? जळगावहून चढली नीट! धुळ्याला उतरली नीट! आता राहिलं कोण? पुणे! इतकी वर्षं ऐकतोय मी, जळगावचं नेट, जळगावचं नेट..."

आतून बायको आली. "अहो, हळू. समोरच्या अक्का विचारताहेत, घरात कोण आलंय म्हणून."

मी खाली बसलो, पण खूश होतो. तेवढ्यात मोबाइल वाजला. रूपालीताई. कॉलवर असूनही वेगळा फोन. मी म्यूट केलं.

"भाऊ, हाई काय शे?" घाबरली की ताई अहिराणीवर येते. "फोल्डरमधल्या बठ्ठ्या, सगळ्याच्या सगळ्या फाइलींच्या नावाला मागे txt लागलंय. हे कोणी लावलं?"

मीच लावलं होतं.

शुक्रवारी शेअर्ड फोल्डर माझ्या फाइली घेतच नव्हता. सुरक्षेच्या नियमाने अशा प्रकारच्या फाइलींना तिथे बंदी. परवानगी मागायची तर अर्ज आणि दोन दिवस. तेव्हा मी आपल्याकडे सगळे करतात तेच केलं. नावाच्या शेवटी .txt लावलं. फोल्डरला वाटलं, साधा मजकूर आहे. त्याने फाइली मुकाट घेतल्या. नाव बदलल्याने आतला माल बदलत नाही, म्हणून चेकसमही जुळला.

पण लॅपटॉप आणि मेनफ्रेम यांची अक्षरांची लिपी वेगळी आहे. फाइली मेनफ्रेमवर चढवणारं सॉफ्टवेअर दोन प्रकारे काम करतं. टेक्स्ट मोडमध्ये ते प्रत्येक अक्षराचं भाषांतर करतं. बायनरी मोडमध्ये काहीही न बदलता जसंच्या तसं ठेवतं. निखिलचं सॉफ्टवेअर ऑटोवर होतं, म्हणजे नाव बघून मोड ठरवायचं. txt दिसलं आणि त्याने इमानदारीत भाषांतर केलं. किल्लीच्या दात्यांचं भाषांतर केल्यावर कुलूप कसं उघडणार?

"भाऊ, बोला ना."

"ताई, गाढवपणा माझा आहे."

"मग काय करायचं? निखिल सरांना नुसतं बायनरी करा म्हणून सांगायचं?"

ते सहज जमलं असतं. ऑटोवर कोणी ठेवलं होतं? निखिलने. तेवढंच सांगून मी मोकळा झालो असतो. पण चढवलेल्या प्रत्येक फाइलीचं नाव लॉगमध्ये राहतं. सोमवारी कोणीतरी लॉग उघडणार, txt बघणार आणि विचारणार. मग मी चूक करणारा आणि वर लपवणारा. आणि ताईचं घर मी आधीच पणाला लावून बसलो होतो.

मी म्यूट काढलं. बारा वाजत आले होते.

"निखिल, चूक सापडली. आधी नावातलं txt काढ, मोड बायनरी कर आणि चढवायला लाव. मग सांगतो."

माझा आवाज ऐकून त्याने वाद घातला नाही. चढायला पाऊण तास लागणार होता. तेवढ्यात मी सगळं सांगितलं. शुक्रवारपासून, काही न गाळता.

मग निखिल हळूच म्हणाला, "सर, उशीर झालाय. क्लायंटला इन्सिडेंट रिपोर्ट द्यावा लागेल, काय चुकलं आणि कोणामुळे. अपलोडवर नाव माझं आहे."

मला त्याच्या आवाजातली भीती ऐकू आली. इतके दिवस मी हा माणूस फक्त मॅनेजर म्हणून ऐकला होता.

"रिपोर्ट मी लिहितो. चूक माझी, नावही माझं. तू ऑटोवर ठेवलंस ते मी लिहिणार नाही."

"खरंच?"

"पण त्यात दोन वाक्यं मी सांगेन ती असतील, आणि खाली सही तुझी."

"कुठली?"

"पहिलं, जळगाव आणि धुळे इथल्या दोन्ही कनेक्शनची चाचणी घेतली आणि ती निर्दोष आढळली. दुसरं, महाजन यांना आतापर्यंत टीम लीड न केल्याबद्दल कंपनीला खेद आहे."

रूपालीताई हसली. निखिलही हसला. "सर, दुसरं कसं लिहू? रिपोर्ट क्लायंटकडे जातो!"

"नाही जमत?"

"अजिबात नाही."

"बरं. मग पहिल्या एकावर मिटवतो."

दुसरं वाक्य मी सोडायलाच आणलं होतं. पहिल्यावर मग त्याने वाद घातला नाही.

पावणेएकला फाइली चढल्या. निखिलने RECEIVE दिली आणि स्क्रीनवर एकामागून एक ओळी उतरायला लागल्या. गठ्ठा सुटला होता. पुढचं काम माझं आणि ताईचं. मी टूलची लायब्ररी, म्हणजे त्याच्या प्रोग्रॅमांचा साठा, क्लायंटच्या माणसाकडून विश्वासू साठ्यांच्या यादीत टाकून घेतली, मग BIND केलं. BIND म्हणजे टूलची डेटाबेसशी रीतसर ओळख करून देणं. ताईने धुळ्यातून एकेक स्क्रीन उघडून तपासली. दोनला बारा मिनिटं असताना ती म्हणाली, "चाललं!" क्लायंटच्या माणसाने चॅटवर 'लुक्स गुड' टाकलं आणि तो झोपायला गेला.

रिपोर्ट त्याच दिवशी निखिलच्या सहीने गेला. पुढच्या आठवड्यात मेल आला: कनेक्शनबाबत तक्रार नसल्याने दोघांची सध्याची जागा कायम. ताईने मला फोनवर भरपूर आशीर्वाद दिले, आणि पुढच्या वेळी अट घालण्याआधी विचारा म्हणून तेवढाच दमही दिला. माझ्या नोकरीच्या फाइलीत मात्र नियम मोडल्याची नोंद झाली. एक तासाचा ऑनलाइन कोर्स करावा लागला. टीम लीड अजून पुण्यातच शोधताहेत.

तरुण पोरं मला विचारतात, काय शिकलात सर? असा गठ्ठा नेहमी बायनरीत चढवा, हे कुठल्याही मॅन्युअलमध्ये लिहिलेलं आहे. न लिहिलेलं सांगतो. चूक कबूल करायला लाजू नये, पण तिला गिऱ्हाईक असेपर्यंतच कबूल करावी. शनिवारी निखिलला रिपोर्टात दुसऱ्याचं नाव हवं होतं, म्हणून माझ्या चुकीला भाव होता. सोमवारी ती कोणी फुकटातही घेतली नसती.