मास्तरांचं लग्न शेअरवर अडलं

देवाशपथ सांगतो, यातलं एक अक्षर खोटं नाही. म्हणजे अक्षरं सगळी खरी आहेत, वाक्यं कुठं कुठं मी हातानं वाकवली आहेत. किश्श्यांचं गुऱ्हाळाशेजारच्या चिपाडांसारखं असतं. मुद्दाम कुणी रचत नाही, पण हंगाम सरता सरता बघावं तर ढीग माणसापेक्षा उंच. हा ढीग आमच्या सणसरच्या शेअरच्या वर्गाचा.

पन्नास साल उलटून गेलं होतं. आमच्या भागात शेतकऱ्यांनी मिळून साखर कारखाना काढायचं घाटत होतं. त्यासाठी उसवाल्या प्रत्येक घरानं शेअर घ्यायला हवा होता, आणि शेअर म्हणजे काय हे गावात एकालाही माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, पण मी मान डोलवत असे. म्हणून दर रविवारी मारुतीच्या देवळात वर्ग भरू लागला. शिकवायला जळोचीचे जगताप मास्तर. बी.कॉम. झालेले, बारामतीच्या शाळेत नोकरीला. एवढ्या लांबून सायकल मारत यायचे आणि फुकट शिकवायचे.

फुकट का, तर तात्यांसाठी. तात्या म्हणजे गावातले सगळ्यांत मोठे बागाईतदार, आणि त्यांची मुलगी सुलोचना मास्तरांच्या मनात भरलेली. मास्तरांच्या मामांनी शब्द टाकला तेव्हा तात्या म्हणाले होते, "पोरगा शिकल्याला हाय म्हणं. मंग मला ह्यो शेअर पटवून दावू दे. ज्या दिशी मी शेअर घिईन, त्या दिशी सोयरिकीचं बोलू. न्हाय पटलं, तर इंदापूरचं स्थळ हायच."

तेव्हापासून मास्तर फळ्यावर 'भांडवल' लिहायचे, पण डोळा सगळा तात्यांच्या मिशीवर. मिशी हलली की पटलं, असा त्यांचा ठोकताळा.

*

पहिल्या रविवारी मास्तर म्हणाले, "प्रत्येकानं निदान एक शेअर घ्यावा."

दुसऱ्या रविवारी आमचे शेजारी आबा बगलेत पिशवी मारून हजर. तेव्हा धान्य-साखर शेरावर मिळायची.

"एक शेर द्या," आबा म्हणाले. "पर आदुगर सांगा, साखर बारीक हाय का जाड?"

मास्तरांनी कपाळाला हात लावला. "आबा, शेर नाही, शेअर. शेअर म्हणजे कारखान्यातला तुमचा हिस्सा."

"कुठला हिस्सा?"

"असा वेगळा नाही काढता येत. सगळ्यात थोडा थोडा."

"चिमणीत बी?"

"चिमणीतसुद्धा."

आबांनी बराच विचार केला. "मला चिमणीतला नगं. वर चढायचं कुणी? त्यापरीस बॉयलरपाशी द्या. थंडीत बसाय बरं."

*

पुढं मास्तरांनी नफ्याची गोष्ट काढली. "कारखाना चांगला चालला, की शेअर घेणाऱ्या प्रत्येकाला वर्षाच्या शेवटी डिव्हिडंड मिळेल."

त्यानंतरच्या रविवारी देवळात मी, मास्तर आणि मारुती. बाकी कोणी नाही. शोध घेतला तर अख्खा वर्ग लक्ष्मीआईच्या देवळात, हातात नारळ घेऊन रांगेत उभा. गावभर झालं होतं की शेअर घेणाराला वर्षाच्या शेवटी देवीदंड होतो!

मास्तर धापा टाकत तिथं पोचले. "अहो, देवीचा दंड नाही. नफ्यातला वाटा तो. लाभांश म्हणतात त्याला."

"मंग असं मराठीत बोलावं की," आबा म्हणाले. "देवीला कशाला मधी घेता?" मग नारळ दुसऱ्या हातात घेत त्यांनी विचारलं, "लाभांश म्हंजे लाभाचा अंश न्हवं? म्हंजे समदा लाभ न्हायच."

तात्या रांगेत सगळ्यांत पुढं होते. मिशी हलली नाही.

*

घसाऱ्याचा धडा मास्तरांनी जीव ओतून शिकवला. यंत्र वापरून झिजतं, म्हणून दरसाल त्याची किंमत थोडी थोडी कमी धरायची. धरता धरता एक दिवस यंत्र जागेवर असतं, पण किंमत शून्य होते.

आबांना हे भलतंच आवडलं. त्यांचा मेहुणा बरीच वर्षं त्यांच्याकडं मुक्कामाला होता. संध्याकाळी जेवताना आबा त्याच्याकडं बोट करून बायकोला, म्हणजे आमच्या काकींना, म्हणाले, "ह्याचा घसारा धरला, तर ह्यो आता शून्यावर आलाय."

काकींनी भाकरी तव्यावर टाकली आणि शांतपणे विचारलं, "आन् तुमचा धरला तर?"

पुढचे काही दिवस आबा आमच्याकडं जेवले. मेहुणा त्याच्या जागेवरच.

*

मग आला आजचा रुपया आणि उद्याचा रुपया. मास्तर म्हणाले, "आज हातात आलेला रुपया वर्षानं मिळणाऱ्या रुपयापेक्षा मोठा. कारण आजचा रुपया कामाला लावता येतो."

आबा दुसऱ्या दिवशी भिगवण स्टेशनला गेले. तिथल्या हॉटेलात चहा प्याले, आणा पुढं केला आणि हात तसाच पसरून उभे राहिले.

"काय पायजे?" हॉटेलवाला म्हणाला.

"ह्यो आजचा आणा हाय. आजचा मोठा असतो. वरचं परत दे."

हॉटेलवाल्यानं आणा निरखून बघितला आणि गल्ल्यात टाकला. "आबा, चहा कालचा हाय. त्यो त्याहून मोठा. वरचं मीच तुमच्याकडं मागाय पायजे, पर जाऊ द्या."

*

जोखमीच्या धड्याला मात्र मास्तरांचा घात झाला. ते रंगात येऊन सांगत होते, "शहाणा माणूस सगळं एकाच ठिकाणी गुंतवत नाही. थोडा ऊस, थोडा कांदा, थोडी केळी. एक गेलं तर दुसरं तारतं."

इतके रविवार गप्प बसलेले तात्या पहिल्यांदा बोलले. "कायम असंच करावं?"

"कायम," मास्तर आनंदानं म्हणाले.

"मला पोरगी येकच हाय. ती बी थोडी थोडी चार घरी दिऊ व्हय?"

देवळात हसून हसून लोक आडवे झाले. मास्तर तांबडेलाल. "तात्या, तिथं हा नियम लागू नाही."

"ज्यो नियम पोरीला लागू न्हाय, त्यो माझ्या उसाला कशापायी?" तात्यांनी पटका सारखा केला आणि निघून गेले. त्या दिवशी जळोचीपर्यंत सायकल मास्तरांनी हाकली, की सायकलीनं मास्तरांना नेलं, हे मला सांगता यायचं नाही.

*

शेअर घ्यायचा शेवटचा रविवार आला. आबांनी घेतला, मी घेतला, सगळ्यांनी घेतले. तात्या राहिले. सुलोचना आईबरोबर बायकांत बसली होती. इंदापूरचे पाहुणे त्याच आठवड्यात येणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

तात्यांनी विचारलं, "मास्तर, मी लई शेअर घेतले, तर कारखान्यात माझी मतं किती?"

"एक."

"आन् ह्या आबानं येकच घेतलाय. त्याची?"

"एकच. सहकारात माणशी एक मत, तात्या. शेअर कितीही असोत."

तात्या उभे राहिले. "म्हंजे माझा फडच्या फड ऊस, आबाचं दोन वाफं, आन् मत सारखं?" त्यांनी जोडा शोधून हातात घेतला. मास्तरांनी खडू खाली ठेवला. बी.कॉम.चं सगळं शिक्षण तिथं संपलं होतं.

तेवढ्यात बायकांतून आवाज आला. "तात्या, जमीन समदी तुमच्या नावावर हाय," सुलोचना म्हणत होती. "आईच्या नावावर वाफा बी न्हाय. तरी घरात मत कुणाचं चालतं?"

आधी बायका हसल्या, मग मारुतीसकट सगळे. तात्यांनी बायकोकडं पाहिलं. मग जोडा खाली ठेवला. मिशी हलली.

"लिवा माझं नाव," ते म्हणाले.

मास्तरांनी नाव लिहिलं आणि चाचरत विचारलं, "मग आपलं ते बोलणं?"

"बोलू की. पर तुमीच शिकिवलंय, माणशी येक मत. घरात पाच माणसं हायती. मी, कारभारीण, धाकटा भाऊ, त्याची बायको आन् ही पोरगी. येक जरी न्हाय म्हणला, तरी सोयरीक ऱ्हायली. कबूल?"

"कबूल," मास्तर म्हणाले.

मतमोजणीला तटस्थ माणूस म्हणून मला बोलावलं, यावरून गावात तटस्थ माणसांची केवढी टंचाई होती ते कळेल. तात्यांच्या माजघरात दोन तांबे ठेवले. एक होकाराचा, एक नकाराचा. मी प्रत्येकाच्या हातावर एकेक हरभरा ठेवला. एकेकानं आत जायचं, टाकायचा आणि बाहेर यायचं. मास्तर अंगणात तुळशीभोवती फिरत होते. त्यांना प्रदक्षिणा घालायची नव्हती, पण पाय थांबत नव्हते.

सगळ्यांचं झाल्यावर मी तांबे बाहेर आणले. नकाराचा उपडा केला. काही नाही. होकाराचा उपडा केला.

हरभरे सहा निघाले.

तात्यांनी एकदा मोजले, परत एकदा मोजले. मग मास्तरांना आत बोलावलं. "मास्तर, माणसं पाच, मतं सहा. तुमच्या शास्त्रात ह्याला काय म्हणत्यात?"

मास्तर घाम पुसत म्हणाले, "बोनस शेअर."

सुलोचना तेव्हा आढ्याकडं बघत होती.

आता इतकं सांगितलंच आहे, तर हेही सांगून टाकतो. आढ्याचं मी रचलं. जादाचा हरभरा टाकूनही ती सरळ तात्यांकडं बघत होती.