बारा गप्पी आणि पाचवं माणूस

नव्वदीच्या सुरुवातीला आमच्या ह्यांची लखनौला बदली झाली. हे फौजेत हवालदार. क्वार्टरची यादी मारुतीच्या शेपटीएवढी, म्हणून तेलीबागेत खोली शोधली. घरमालक म्हणजे जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले मास्टरसाहेब, एकटेच राहायचे. त्यांनी चष्म्यावरून आमच्या दोन पोरांकडे पाहिलं आणि बजावलं, "चार जन. पाँचवाँ नहीं. टंकी का पानी चार का ही है."

मी साताऱ्याकडची, आठवीत शाळा सुटलेली. हिंदी ऐकलं की घाम फुटायचा, पण 'नहीं' तेवढं नीट कळलं. तरी खोली मिळाली म्हणून मी त्या दिवशी देवापुढे साखर ठेवली.

होळी झाली आणि मास्टरसाहेब लेकीकडे जबलपूरला निघाले. जाताना अंगणातला हौद माझ्या स्वाधीन केला. डासांच्या अळ्या खाणारे बारा गप्पी मासे होते त्यात. "करना कुछ नहीं है, बहू. बस देखती रहना."

ते गेले आणि पंधरा दिवसांत मला कळलं, की पाचवं माणूस वाटेवर आहे. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "मास्तर यायला अजून लई वेळ आहे." वेळ आहे म्हणे! पोट काय वेळ बघून वाढतं?

मग मी मनाशी ठरवलं, मास्टरसाहेबांचे मासे असे गुटगुटीत करायचे, की 'खोली सोडा' म्हणायला त्यांची जीभच रेटू नये. काही करू नको म्हणाले होते खरे. पण दारचा जीव उपाशी ठेवायचा, हे आमच्याकडे कुणी शिकवलंच नव्हतं. सकाळी भाताची शितं, संध्याकाळी चपातीचा चुरा. बाराचे तीस झाले. पुढं मी मोजायचं सोडलं.

शेजारची भाभी भिंतीवरून वाकून म्हणाली, "आपके यहाँ तो बड़ी बरकत है! मछलियाँ भी, और…"

मी पदर पुढे ओढला. "गैस हुई है, भाभी."

"हाँ हाँ, नौ महीने वाली."

आषाढात एका सकाळी पाहते, तर सगळे मासे वर येऊन तोंडं उघडतायत. सात-आठ उलटे तरंगत होते. मला वाटलं, भूक भागत नाही बिचाऱ्यांची. आणखी ओंजळभर भात टाकला. दुसऱ्या दिवशी हौदाला वास सुटला आणि उलट्यांची संख्या वाढली. मी घाबरून डबे भरले आणि हळदीकुंकवाचं वाण वाटावं तसे गल्लीतल्या घराघरांतल्या कूलरच्या पाण्यात मासे वाटत सुटले. एकीने विचारलं, "तलकर खाते हैं क्या?"

त्याच संध्याकाळी दारात सायकलरिक्षा थांबली. मास्टरसाहेबांनी ट्रंकसुद्धा उतरवली नाही, थेट हौदापाशी गेले. बोट बुडवून वास घेतला. "बहू, इन्हें खिलाया किसने?"

मला रडूच फुटलं. मोडक्या हिंदीत सगळं सांगून टाकलं. भात, चपाती, कूलर, आणि त्याच दमात पाचवं माणूससुद्धा.

मास्टरसाहेब हौदाच्या कठड्यावर बसले आणि शिकवायला लागले. आठवीनंतर मला कुणी शिकवत होतं ते पहिल्यांदाच. अळ्या मोजक्या असतात, म्हणून मोठे मासे पिल्लंही खातात आणि आकडा बाराच्या आसपास राहतो. मी जेवण घातलं, म्हणून पिल्लं वाचली. उरलेला भात कुजला आणि कुजताना पाण्यातली हवा संपवत गेला. "खाना तो तुमने दे दिया. हवा कहाँ से लातीं?"

मी मान हलवत होते, पण डोक्यात एकच घोळत होतं. "मास्टरसाहेब, हमारा कमरा…?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. वर गच्चीकडे पाहिलं. "टंकी छोटी है."

मी मनातल्या मनात भांडीकुंडी बांधायला घेतली.

"बड़ी लगवानी पड़ेगी," ते म्हणाले. मग खोलीच्या दारात चोरासारख्या उभ्या असलेल्या आमच्या ह्यांना हाक मारली. "हवलदार साहब! बाल्टी लाइए. पानी आप बदलेंगे, बहू भारी नहीं उठाएगी."

हे नुकतेच ड्यूटीवरून आले होते. बूट काढले आणि वर्दीतच हौदात उतरले.