पायरीवरची पार्वती

माझ्या बहिणीचे यजमान दिगंबरराव अष्टविनायकाच्या बसमध्ये माइक धरतात. नारायण पेठेतून शनिवारी पहाटे बस सुटते, रविवारी रात्री परत येते आणि मधल्या वेळात हा गृहस्थ गप्प बसत नाही. पूर्वी ते एका पतपेढीत कारकून होते. तिथेही काम सोडून बोलतच असत. निवृत्तीनंतर बोलण्याचंच मानधन मिळायला लागलं, तेव्हा आपल्याला वाचासिद्धी आहे असं त्यांचं ठाम मत झालं.

पुराणातलं त्यांना फारसं ठाऊक नाही आणि वाचायचा कंटाळा. मोरगावचा सिंधू दैत्य ते रांजणगावला मारतात आणि रांजणगावचा त्रिपुरासुर भलतीकडेच. बस माना डोलावते. खराडीच्या आयटीतली पोरं तर हे ज्ञान मोबाइलवर टिपून घेतात. शिकलेल्या माणसांना शेंडी लावणं इतकं सोपं असेल असं मला वाटलं नव्हतं.

लेण्याद्रीची थाप मात्र त्यांनी विचार करून मारली. तिथलं देऊळ डोंगरातल्या गुहेत आहे. पुत्र व्हावा म्हणून पार्वतीने तिथे तप केलं, म्हणून तो गणपती गिरिजात्मज. सगळी बस चढून उतरेपर्यंत पुढच्या ओझरला उशीर होतो, जेवण लांबतं आणि दिगंबररावांना जेवण लांबलेलं चालत नाही. तेव्हा एके दिवशी श्यामलाने, म्हणजे माझ्या बहिणीने, केलेला चहा पीत पीत त्यांनी आख्यायिका रचली. थकल्याभागल्या आयांसाठी पार्वती स्वतः खाली उतरते आणि पहिल्या पायरीवर बसते. तिथे ओटी भरली की नवस फिटला. हे कुठे लिहिलंय, असं श्यामलाने विचारलं. लिहिलेलं वाचतो कोण, असं म्हणून त्यांनी कप पुढे केला.

वर्षभरात त्या पायरीवर हळदीकुंकवाचा थर साचला. दुसरे बसवालेही तेच सांगू लागले. कुणीतरी वर भरही घातली, की देवी खाली आलेली असताना वर जाणं म्हणजे तिचा अपमान.

मागच्या वर्षी श्यामलाची मुलगी अपूर्वा बाळंतपणात मरता मरता वाचली. तेव्हा श्यामलाने नवस बोलला होता. मायलेकरं सुखरूप घरी आली, तर स्वतःच्या पायांनी लेण्याद्री चढून गिरिजेची ओटी भरीन. दोघं घरी आली. इकडे श्यामलाचे गुडघे पार कामातून गेले, शस्त्रक्रियेची तारीख ठरली. त्याआधी नवस फेडायचा म्हणून ती नवऱ्याच्या बसमध्ये बसली. सोबतीला मी.

पायथ्याशी चपला काढून, ओटीची पिशवी घेऊन ती चढायला निघाली, तशा बसमधल्या बायका धावत आल्या. वर गेलात तर देवीचा अपमान होईल, तुमच्या यजमानांनीच सांगितलंय ना, असं म्हणत त्यांनी तिला धरूनच ठेवलं. श्यामलाने नवऱ्याकडे पाहिलं. ही कथा कुठे शिजली हे त्या दोघांना पक्कं ठाऊक होतं. तिला जाऊ द्या, एवढं एक वाक्य त्यांनी बोलायचं होतं.

त्यांनी घड्याळ पाहिलं.

मी जवळ जाऊन म्हणालो, दिगंबरराव, बोला. उगाच चारचौघांत माझी शोभा करू नका, असं ते हळूच पुटपुटले. मी तोंड उघडणार तेवढ्यात श्यामलाने माझा हात घट्ट दाबला. मग ती कशीबशी खाली वाकली आणि खण-नारळ त्या पायरीवर ठेवला. मला त्या माणसाची किळस आली.

बस सुटली आणि त्यांनी माइक उचलला. "आज आमच्या सौभाग्यवतींनीही पहिल्या पायरीवरच नवस फेडला. याहून मोठा पुरावा काय हवा?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. ओझर येईपर्यंत श्यामला खिडकीबाहेर बघत होती.

पुढच्या आठवड्यात तिचा फोन आला, दादा, उद्या मोकळा आहेस का? घरी तिने माझ्याबरोबर बाहेर जाते एवढंच सांगितलं. दिगंबररावांनी पेपरातून मान वर न काढता जेवणाचं काय, इतकंच विचारलं. आम्ही वाकडेवाडीहून जुन्नरची एसटी धरली.

लेण्याद्री ती चढली. डोली नको म्हणाली. चार पायऱ्या झाल्या की बसायची, डोळे पुसायची आणि पुन्हा उठायची. वर गुहेत तिने ओटी भरली, मग खांबाला टेकून बराच वेळ रडली. उतरताना तर बसून बसूनच उतरली. माझ्याने ते बघवत नव्हतं.

खाली दुसऱ्या एका बसमधली बाई कुंकू वाहत होती. तिने श्यामलाचे हाल पाहिले आणि कळवळून म्हणाली, "अहो आजी, एवढा त्रास घेऊन वर कशाला गेलात? ओटी इथेच भरतात. त्या बसवाल्या काकांच्या बायकोनेसुद्धा इथेच भरली."

श्यामला त्याच पायरीवर टेकली आणि चपला पायात सरकवू लागली.

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "भित्री होती ती बाई."