भाऊंच्या बोटीचा तळ

वहिनींचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. अर्धा चेहरा तसाच ठेवून स्कूटरवरून पिंप्राळ्याला पोहोचलो. भाऊ वर्कशॉपमध्येच, चहाचा कप हातात असताना गेले. तापीपलीकडून त्यांची मोठी बहीण, अक्का, लांबच्या पुलावरून वळसा घालून दोन एसट्या बदलत आल्या, तोवर आम्ही स्मशानातून परतत होतो. महिना झाला. लोक अजून विचारतात, तुमचं तर बोलणं बंद होतं ना? होतं हो… किती वेळा सांगू?

भाऊ ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायचे. मी आयटीआयमध्ये ड्रॉइंग शिकवायचो, म्हणून त्यांच्यासाठी मी ‘मास्तर’. वीस वर्षांची मैत्री, संध्याकाळचा चहा त्यांच्याकडेच. अक्कांना दमा, दवाखाना अलीकडच्या काठाला. नदी मधे खोल, कडांना घोटाभर पाणी आणि गोटेच गोटे. साध्या बोटीचा पंखा तिथे तुटतोच. गेल्या उन्हाळ्यात तसाच तुटला आणि अक्का श्वास लागलेल्या अवस्थेत तासभर पाण्यात अडकून बसल्या. भाऊंनी ते मनाला लावून घेतलं. कुठून तरी जेटचं इंजिन पैदा केलं. त्याला पंखा नाही. खालच्या जाळीतून पाणी ओढायचं आणि मागे जोरात फेकायचं. म्हणाले, बोट मी बांधतो.

इथेच आमचं बिनसलं. त्यांना तळ सपाट हवा होता, घोटाभर पाण्यातून सरकेल असा. मी म्हणालो, पुढून थोडा उतार द्या, मागे सपाट करा, नाहीतर तळाखाली हवा शिरेल आणि इंजिन पाण्याऐवजी हवाच ओढेल. चार कागद रेखाटून दिले. भाऊ हसले. “मास्तर, तुनं बठ्ठं कागदवर शे. नदी कागदवर नही!” माझं सगळं कागदावरच, म्हणे! आणि केला सपाट. वर हाताची सवय… ट्रॉलीला मजबुती म्हणून खालून मधोमध लोखंडी पट्टी, अँगल मारतात, तसा इथेही मारला. थेट इंजिनाच्या जाळीसमोर!

चाचणीला दोन्ही काठांवर गाव जमलं. पलीकडे अक्का नवं लुगडं नेसून उभ्या. इंजिन नुसतं किंचाळलं, बोट जागची हलेना. अँगलमागचं फेसाळलेलं पाणीच ते गिळत होतं. मी गप्प बसायला हवं होतं. पण तोंड कुठे ऐकतं? सगळ्यांदेखत म्हणालो, “ट्रॉलीच केलीत ना भाऊ शेवटी! आता ट्रॅक्टर जोडा.” लोक खो खो हसले. भाऊंनी इंजिन बंद केलं, माझ्याकडे पाहिलंही नाही. मग दोन महिने चहा नाही. चूक त्यांची होती म्हणून मी गेलो नाही. ते का आले नाहीत, हा विचारही मी केला नाही. लाज वाटते आता.

तेराव्यानंतर अक्कांनी मला वर्कशॉपमध्ये नेलं. बोट पालथी पडली होती. अँगल कापून, घासून गुळगुळीत केलेला. पुढचा पत्रा नव्याने वाकवलेला, हलका उतार, मागे जात जात सपाट… माझ्याच कागदासारखा. कागद भिंतीला चिकटवलेला, कडेला ग्रीसची बोटं. फक्त इंजिन बसवायचं राहिलं होतं. त्याची उंची बोटभर चुकली तरी सगळं फुकट. मागच्या फळीवर, इंजिन जिथे टांगतात तिथे, खडूने लिहिलं होतं: ‘मास्तरले इचारनं शे.’

मी फळीसमोर बसून ती अक्षरं पुन्हा वाचू लागलो. अक्काच म्हणाल्या, “ऊठ रे बापा, तुलेच करनं शे.”

आठ दिवस लागले. परवा अक्का त्याच बोटीतून दवाखान्यात आल्या. गोट्यांवरून बोट सरसर निघाली, तळ कुठे घासलासुद्धा नाही. उतरताना त्यांनी फळीवरून पदराने पाणी टिपलं, खडूची अक्षरं तेवढी सोडून. मीही ती पुसलेली नाहीत. दोन महिने त्या वर्कशॉपचं दार उघडंच होतं, आणि मी रोज त्याच्यासमोरून स्कूटर नेत होतो.