'गरमी' या शब्दातून आम्हाला सोडवणाऱ्या इंदुताई

आदरणीय इंदुताईंना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण झाली. गौरव समितीनं मला लिहायला सांगितलं, तेव्हा मी म्हटलं, मी दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलेला माणूस, एवढ्या मोठ्या लोकांत माझं काय काम? समितीवाले म्हणाले, ताईंनीच तुझं नाव सुचवलंय. मग नाही म्हणता येईना.

ताईंची माझी पहिली ओळख म्हणजे भांडण. निवृत्त परिचारिका आणि पंचायत समितीच्या माजी सभापती म्हणून त्या सर्वांना ठाऊक होत्या. पण त्या गावोगाव जाऊन लोकांना मरणाबद्दल, सेवेबद्दल, दुःखाबद्दल बोलतं करतात, हे मला आमच्या धानोऱ्याच्या सभेत कळलं. भर दुपारी समाजमंदिरात त्या माइकवरून विचारत होत्या की तुमच्या घरी शेवटच्या वाटेवरचं माणूस कोण आहे, आणि तुम्ही त्याच्याशी काय बोलता. माझं डोकं फिरलं. उठून ओरडलो की आमच्या गावात हे अभद्र नको. ताईंनी शांतपणे विचारलं, घरी कोण आजारी आहे?

मी म्हटलं, "कोणी नाही. वडिलांना गरमी झालीय, बस."

कोणी हसलं नाही. सगळी सभा खाली बघत राहिली. कारण आबांच्या पोटातल्या गाठीला 'गरमी' हे नाव आम्ही घरच्यांनीच दिलं होतं. डॉक्टरांनी हात टेकले होते. आबांना कळू नये म्हणून सगळं गाव तोच शब्द वापरायचं. आई रोज सब्जाचं पाणी पाजायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई न बोलावता घरी आल्या. तेव्हा आठवडाभर आबा मधल्या दाराकडे टक लावून असायचे. भिकाकाका, म्हणजे आबांचे धाकटे भाऊ, माझ्या जन्माआधी तापीत बुडाले होते. आबा म्हणायचे, भिका दारात उभा आहे, अंगावरून पाणी गळतंय, त्याला टॉवेल द्या. आई मीठ-मिरच्या ओवाळायची. मी ओरडायचो की तिथं कोणी नाही, झोपा. कुत्रा मात्र ती जागा सोडून, भिंतीला घासून आत यायचा.

ताईंनी आईकडे टॉवेल मागितला. दाराशी स्टूल ठेवलं, त्यावर टॉवेल ठेवला आणि आबांच्या उशाशी बसून विचारलं, "काय म्हणस भिका?"

"म्हणस, गरमी नही रे दादा. चाल आते."

आम्ही जिवंत माणसांनी चार महिने जे तोंडातून काढलं नव्हतं, ते बुडालेल्या माणसानं सांगून टाकलं होतं. आबांनी माझ्याकडे पाहिलं.

"भिका खरं बोली ऱ्हायना का?"

मी ताईंकडे पाहिलं. त्या मदतीला आल्या नाहीत, खिडकीबाहेर बघत राहिल्या. त्यांचं सगळ्यात मोठं काम मला विचाराल, तर मी ते गप्प राहणंच सांगेन.

"हा, आबा. काका खरं बोली ऱ्हायना."

आबांनी मोठा श्वास सोडला. "मंग तो सब्जा बंद करा. च्या लई या."

आई रडता रडता हसली. चहा पिता पिता आबांनी मलाही धरलं. "ती पोर नवसारीले दिधी, म्हणीसन कॉलेज सोडं तू. आन् माले सांगस, शेतीसाठी."

आमच्या घरात गरमी एकट्या आबांनाच झालेली नव्हती.

पुढचे एकवीस दिवस आम्ही खरं बोललो. जिच्यावर माझा जीव होता आणि जिचं लग्न नवसारीला लावून दिलं, तिचं नाव मी फक्त आबांसमोर घेतलं. मग एका दुपारी आबा गेले. ताई तिथंच होत्या. आईनं स्टुलावरचा टॉवेल उचलला आणि पिळला. तो पिळायला का लागला, हे मी विचारलं नाही. सगळ्यांना सगळं विचारणाऱ्या ताईंनीही विचारलं नाही. त्या जागेवरची फरशी अजून उन्हाळ्यात गार लागते.

तेराव्याला पाहुणे पांगतात. ताई चौदाव्या दिवशी येतात, हा त्यांचा रिवाज. त्या दिवशी मी तावातावानं म्हणालो की आबा गेले आणि माझ्यासाठी तीही मेली. ताई कडाडल्या, "ती जिती शे. आबा गयात. दोन्ही दुःखं एकाच पोतामा भरू नको." एवढं चिडून त्या माझ्याशी कधी बोलल्या नव्हत्या, आणि एवढं बरंही मला कधी वाटलं नव्हतं.

आता मी त्यांची गाडी चालवतो. सातपुड्यातल्या मोलगीच्या बाजारात एक आजीबाई त्यांच्याजवळ बसून तासभर आपल्या गेलेल्या लेकराबद्दल पावरी बोलीत बोलल्या. ताईंना त्यातलं फार थोडं कळलं, पण त्या हलल्या नाहीत. मी घाई केली, तर म्हणाल्या, तिला कळतंय ना, बास.

ताईंना भरपूर आयुष्य मिळो. गुडघे साथ देवोत, मोलगीच्या चढाला दम न लागो. आणि एखाद्या दिवशी त्यांनी आपल्यापैकी कुणाला विचारलं, "मला काय झालंय?" तर खाली न बघता त्यांना खरं नाव सांगण्याची हिंमत आपल्याला लाभो. त्यांच्याइतकीच आपल्यालाही ती लागणार आहे.